युद्ध, बातमी आणि छापचित्र : चित्तप्रसाद यांच्या चित्रांचा पाठ



शेलूहून लोकल पकडून कल्याणकडे किंवा कर्जतकडे निघालं की खिडकीतून सतत भिंती दिसतात. कंपाउंडच्या भिंती, पुलाचे खांब, बंद पडलेल्या शेडचे पत्रे. त्यांवर काय काय असतं, जरा आठवून बघा. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर वन बीएचके, एखाद्या पक्षाची निशाणी, दहावीच्या क्लासची जाहिरात, कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. या सगळ्या चित्रांना आपल्याकडून काहीतरी हवं असतं. कुणाला पैसे, कुणाला मत, कुणाला नुसतंच आपलं लक्ष.

पण रस्त्यावर, मोर्चात, भिंतीवर लागणाऱ्या चित्रांचा आणखी एक प्रकार आहे. तो काही विकत नाही. तो विचारतो, ‘तुम्हाला जी बातमी सांगितली गेली, ती पूर्ण होती का? त्यात कोण राहून गेलं?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त गरजेचा असतो तो युद्धाच्या काळात. कारण युद्ध सुरू झालं की पहिली कात्री बातमीला लागते.

आज आपण अशाच चित्रांची ओळख करून घेणार आहोत. यातला मुख्य चित्रकार बंगालचा, पण त्याचं निम्मं आयुष्य आपल्या मुंबईत, अंधेरीत गेलं. त्यांचं नाव चित्तप्रसाद भट्टाचार्य.

छापचित्र म्हणजे काय?

आधी तंत्र समजून घेऊ. रंगवलेलं चित्र एकच असतं. ते ज्याच्या घरात, त्याच्याच मालकीचं. छापचित्राचं तसं नाही. त्यात चित्रकार कागदावर चित्र काढत नाही, तर एक ठसा तयार करतो आणि त्या ठशावरून हव्या तेवढ्या प्रती काढतो.

शाळेत तुम्ही भेंडी किंवा बटाटा कापून, रंगात बुडवून ठसे काढले आहेत ना? तेच तत्त्व. भेंडीचा जो भाग वर आलेला असतो त्याला रंग लागतो, खोलगट भाग कोरा राहतो. लिनोकट हे त्याचंच मोठ्यांचं रूप. लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचं तेल, बुचाचा भुसा वगैरे एकत्र करून गोणपाटावर थापलेला हा जाड पत्रा पूर्वी घरात जमिनीवर अंथरायला वापरत. तो लाकडापेक्षा मऊ, म्हणून कोरायला सोपा आणि स्वस्तही.

लिनोकट असा करतात :

१. लिनोवर पेन्सिलीने चित्र काढायचं.
२. जे पांढरं दिसायला हवं, तेवढं कोरणीने कोरून काढायचं.
३. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई फिरवायची.
४. वर कागद ठेवून दाबायचा. छपाईयंत्र नसेल तर चमच्याची पाठ घासली तरी चालते.
५. कागद अलगद उचलायचा.

कागदावरचं चित्र ठशाच्या उलट येतं, आरशात बघितल्यासारखं. म्हणून अक्षरं कोरायची असतील तर ती उलटीच कोरावी लागतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : एकदा कोरलेलं परत भरता येत नाही. त्यामुळे लिनोकटमध्ये रेघ ठाम असते. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं.

याशिवाय छपाईचे आणखी प्रकार आहेत आणि तेही तुमच्या ओळखीचे आहेत. दिवाळीत आपण रांगोळीचा छाप वापरतो, तो स्टेन्सिलच. टँकरवर किंवा गोणीवर नंबर टाकायला पत्र्याची अक्षरं वापरतात, तेही स्टेन्सिल. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्यांवर करतात ती स्क्रीन प्रिंट. दगडावरून छापायची ती शिळाछाप. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला, म्हणजे आपला घाट चढला की लगेच, हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत पोचल्या. देवळात जायची ज्यांना बंदी होती, त्यांच्याही घरात.

आता विचार करा. जे तंत्र देवाची तसबीर घरोघरी नेऊ शकतं, ते उपाशी माणसाचं चित्रही नेऊ शकतं की नाही? चित्तप्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी नेमकं हेच केलं. देशात तेव्हा लिहिता-वाचता येणारी माणसं फार थोडी होती. १९५१ च्या जनगणनेतसुद्धा साक्षरता साधारण १८ टक्केच होती. वर्तमानपत्र वाचता न येणारा माणूस चित्र मात्र वाचू शकतो. शिवाय काळ्या शाईचं चित्र साध्या कागदावर, साध्या छापखान्यात, कमी पैशांत निघतं. गरिबांच्या चित्रांसाठी गरिबांना परवडणारं तंत्र!

१९४३ : जी बातमी छापता येत नव्हती

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तिथून बंगालमध्ये येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर उतरेल या भीतीने इंग्रज सरकारने एक धोरण आखलं : शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही. त्यासाठी किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलवला आणि दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या हजारो होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडून टाकल्या. आता बंगाल म्हणजे नद्यांचा मुलूख. तिथे होडी गेली म्हणजे मासेमारी गेली, बाजार गेला, शेतावर जाण्याची वाटही गेली. आपल्याकडे पावसाळ्यात उल्हास नदीवरचा एखादा पूल पाण्याखाली गेला तर पलीकडच्या गावांची काय अवस्था होते, ते तुम्हाला माहीत आहे. तिथे तर सरकारनेच वाट काढून घेतली होती.

त्यातच १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर जिल्ह्यावर मोठं चक्रीवादळ आलं. समुद्राचं पाणी शेतात घुसलं, उभं पीक गेलं. सैन्यासाठी होणारी धान्याची खरेदी, साठेबाजी आणि महागाई यांनी तांदळाचा भाव गरिबांच्या हाताबाहेर नेला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये एका गाजलेल्या पुस्तकात हा मुद्दा मांडला : दुष्काळ पडतो तेव्हा दरवेळी धान्यच संपलेलं असतं असं नाही. धान्य असतं, पण ते विकत घेण्याची ताकद काही लोकांकडे उरलेली नसते. या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली असा अंदाज आहे.

एवढं मोठं संकट, मग वर्तमानपत्रांत काय होतं? युद्धाच्या नियमांखाली बातम्यांवर सेन्सॉर होता. सरकारने ‘दुष्काळ’ अधिकृतपणे जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर दुष्काळी कायद्याप्रमाणे मदत देणं भाग पडलं असतं. त्यामुळे तो शब्दही छापला जाऊ नये असा दबाव होता. शेवटी कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ या इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर मरून पडलेल्या, हाडं उरलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. लेख अडवणारे नियम होते, छायाचित्रांचा विचार त्या नियमांत नीट झालेलाच नव्हता. ती फट त्यांनी वापरली आणि जगाला बंगालची भूक दिसली. म्हणजे बघा, शब्दावर पहारा होता तिथून चित्र निसटलं.

‘हंग्री बेंगाल’ : पाच हजार प्रती आणि एक प्रत

चित्तप्रसाद यांचा जन्म १९१५ चा, नैहाटीचा. कम्युनिस्ट पक्षासाठी ते पोस्टरं आणि चित्रं काढत. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. गावोगाव थांबत, लोकांशी बोलत, काळ्या शाईने जागच्या जागी रेखाटनं करत गेले.

त्यांच्या रेखाटनांची एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते फक्त ‘एक भुकेला माणूस’ काढत नव्हते. चित्राखाली त्या माणसाचं नाव, गाव, त्याची हकिगत लिहून ठेवत. सरकारी अहवालात जो आकडा होता, तो चित्रात माणूस होत होता. याला घर होतं, याच्याकडे होडी होती, याची बायको गेल्या महिन्यात गेली, असं कळलं की आपण नुसती हळहळ व्यक्त करून थांबत नाही. ‘हे कसं झालं? कुणी होऊ दिलं?’ असं विचारू लागतो.

या दौऱ्यावरून ‘हंग्री बेंगाल’ ही छोटी पुस्तिका मुंबईत प्रसिद्ध झाली. इंग्रज सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. एका पातळ पुस्तिकेची सरकारला एवढी भीती का वाटावी? कारण तिच्यात कुठलीही घोषणा नसली तरी पुरावा होता.

पण एक प्रत वाचली. चित्तप्रसाद यांच्या कुटुंबाने ती बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवली. २०११ मध्ये त्या एका प्रतीवरून पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. छापलेल्या गोष्टीचं बळ इथे कळतं. ४,९९९ जाळल्या तरी एक उरली की तिच्या पुन्हा हजारो होतात. तेच एकुलतं एक तैलचित्र असतं तर?

त्या काळात चित्तप्रसाद एकटे नव्हते. झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेची चित्रं काढली, तीही स्वस्तातल्या कागदावर. सुनील जाना यांनी छायाचित्रं घेतली. आणि महाराष्ट्रात? आपले अण्णाभाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचं नाव होतं ‘लोकयुद्ध’. अण्णाभाऊ त्यात लिहीत. अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णाभाऊ यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात कार्यक्रम करत होतं. बंगालची भूक मुंबईच्या कामगाराला कळली ती फक्त वर्तमानपत्रातून नव्हे. ती चित्रातून, डफावरून आणि नाटकातून कळली. इप्टा ही नाट्यसंस्था १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. नगारा वाजवणाऱ्या माणसाचं तिचं बोधचिन्हही चित्तप्रसाद यांनीच केलेलं आहे.

त्याच काळात आपल्या कर्जत भागात

आता एक गुंता सांगतो. तो सोपा करून सांगितला तर खोटा होईल, म्हणून नीट वाचा.

चित्तप्रसाद मेदिनीपूरला गेले त्याच वर्षाच्या सुरुवातीला, २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे, सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल व्यवसायाने वकील. १९४२ च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. का? कारण त्या विजेवर मुंबईतलं युद्धासाठीचं उत्पादन चालत होतं. आजही दर २ जानेवारीला लोक सिद्धगडावर अभिवादनाला जातात.

चित्तप्रसाद ज्या पक्षात होते, त्या पक्षाची भूमिका मात्र उलट होती. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. त्यानंतर पक्षाने या युद्धाला ‘लोकांचं युद्ध’ म्हटलं आणि ‘चले जाव’ चळवळीला विरोध केला. ‘लोकयुद्ध’ या नावाचा अर्थ आता लक्षात आला ना? म्हणजे इथे भाई कोतवाल युद्धयंत्रणा बंद पाडत होते, आणि तिकडे चित्तप्रसाद यांचं वर्तमानपत्र त्याच युद्धाला पाठिंबा देत होतं.

मग चित्तप्रसाद यांची चित्रं युद्धाच्या बाजूची की विरोधातली? पुन्हा चित्रांकडे बघा. पक्षाची भूमिका काहीही असो, कागदावर आला तो युद्धाचा हिशेब : गेलेली होडी, रिकामं भांडं, ओसाड घर. प्रामाणिकपणे बघणारा डोळा कधी कधी त्याच्या मालकाच्या अग्रलेखापेक्षा जास्त सांगून जातो. आणि यातून दुसराही धडा मिळतो. माध्यम सरकारचं असो, धनिकाचं असो की चळवळीचं, प्रत्येकाची एक बाजू असते. ती ओळखूनच वाचायला हवं.

अंधेरीतली खोली

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईतच राहिले. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचं बंड झालं, त्यावरही त्यांनी चित्रं केली. काही वर्षांतच ते पक्षापासून दूर झाले. पण लिनो आणि कोरणी सुटली नाही. अंधेरीत साध्या खोलीत राहून त्यांनी शेतकरी, मजूर, आई आणि मूल, काम करणारी लहान मुलं यांची छापचित्रं केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर अणुबाँबविरोधी शांतता चळवळ उभी राहिली. तिच्यासाठीही त्यांनी काम केलं. मुलांसाठी कठपुतळ्यांचा खेळही उभा केला.

‘परीकथा नसलेली देवदूत’ अशा अर्थाचं नाव असलेली त्यांची एक लिनोकट मालिका आहे. त्यातली मुलं तुमच्याच वयाची किंवा तुमच्याहून लहान. कुणी ओझं वाहतं, कुणी बूट पुसतं, कुणी फुटपाथवर झोपतं. ही मालिका १९६९ मध्ये डेन्मार्कमधल्या युनिसेफच्या समितीने प्रसिद्ध केली. चेक दिग्दर्शक पावेल होबल यांनी चित्तप्रसाद यांच्यावर १९७२ मध्ये माहितीपटही काढला. परदेशात अशी दखल घेतली गेली, पण चित्तप्रसाद मात्र तंगीतच जगले. १९७८ मध्ये ते गेले.

त्यांच्या आधी आणि नंतर

ही परंपरा जुनी आहे. स्पेनचे चित्रकार गोया यांनी १८१० ते १८२० या काळात नेपोलियनच्या सैन्याने स्पेनमध्ये केलेल्या युद्धाची भीषण छापचित्रं केली. ती प्रसिद्ध झाली १८६३ मध्ये, गोया गेल्यावर ३५ वर्षांनी. जर्मनीच्या केथे कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये मारला गेला. त्यांनी लाकडी ठशांवर केलेल्या ‘युद्ध’ या मालिकेत रणांगण जवळजवळ नाहीच. आहेत त्या आया, विधवा आणि म्हातारे आईबाप. १९२४ चं त्यांचं ‘पुन्हा युद्ध नको’ हे पोस्टर आजही जगभर मोर्चांत दिसतं. वर्तमानपत्र सेनापतीचा फोटो छापतं, कोलवित्झ मागे राहिलेल्यांचा चेहरा छापतात.

आणि आजचं नाव म्हणजे बँक्सी. हा इंग्लंडचा चित्रकार स्वतःची खरी ओळख लपवून काम करतो. रात्री भिंतीवर स्टेन्सिल लावायचं, फवाऱ्याने रंग मारायचा आणि निघून जायचं. आपल्या मुंबईतही ‘टायलर’ या नावाने असंच काम करणारा अनामिक चित्रकार आहे. बेथलेहेमजवळ बेट साहूर इथे बँक्सीचं एक प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. तोंडाला फडकं बांधलेला तरुण पूर्ण ताकदीने काहीतरी भिरकावतोय, पण हातात दगड किंवा बाँब नाही, फुलांचा गुच्छ आहे. टीव्हीवर असा तरुण शेकडो वेळा दाखवला गेलाय आणि पुढे काय येणार हे बघणाऱ्याला आधीच ‘माहीत’ असतं. बँक्सीने फक्त हातातली वस्तू बदलली आणि आपल्या डोक्यात बातम्यांनी काय भरून ठेवलंय ते आपल्यालाच दाखवलं.

त्याचं २००४ चं एक छापचित्र तर अंगावर येतं. १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धात नापाम बाँबने भाजलेली नऊ वर्षांची मुलगी किम फुक रडत रस्त्यावरून धावत असल्याचं छायाचित्र जगभर छापून आलं होतं. बँक्सीने ती मुलगी उचलली आणि तिचा एक हात मिकी माऊसच्या हातात, दुसरा बर्गरच्या जाहिरातीतल्या विदूषकाच्या हातात दिला. दोघेही हसत हात हलवतायत, मधे मुलगी किंचाळतेय. अर्थ काय? आपणच शोधू. संध्याकाळच्या बातम्यांत बाँबहल्ला, लगेच चॉकलेटची जाहिरात, मग पुन्हा बाँबहल्ला. आपण जेवत जेवत सगळं बघतो. युद्ध आणि करमणूक एकाच पडद्यावर आली की युद्धही करमणूक होऊन जातं.

पण इथेही एक विसंगती आहे. बँक्सीची छापचित्रं सुरुवातीला स्वस्तात विकली जात, कुणालाही घेता यावीत म्हणून. आज त्यांच्या किमती ऐकून डोळे फिरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात त्याचं फुगा आणि मुलगीचं चित्र सुमारे १० लाख पौंडांना गेलं आणि त्याच क्षणी चौकटीत लपवलेल्या यंत्राने ते अर्धं फाडलं. तेच फाटकं चित्र २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांहून जास्त किमतीला विकलं गेलं! बाजारावर टीका करणारं चित्र बाजाराने हसत हसत विकत घेतलं. उलट, २०२२ मध्ये बँक्सीने युक्रेनमधल्या युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी ५० छापचित्रं प्रत्येकी ५,००० पौंडांना विकायला काढली, हेही सांगायला हवं. इंग्रज सरकारने चित्तप्रसाद यांचं पुस्तक जाळलं. आजचा बाजार चित्र जाळत नाही, दिवाणखान्यात टांगतो. दोन्हीकडे चित्राचा प्रश्न विसरला जाण्याचा धोका आहेच. तो प्रश्न जिवंत ठेवायचं काम बघणाऱ्याचं.

असं चित्र वाचायचं कसं?

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आपल्या सगळ्यांचे मोबाइल आठवा. जुन्या चित्रफिती, दुसऱ्याच देशातले स्फोट, अगदी व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा ‘आत्ताची’ म्हणून फिरत होती. काही वृत्तवाहिन्यांनीही खात्री न केलेल्या बातम्या दाखवल्या. आणि आपण? अंगठा दाबला, पुढे ढकललं. १९४३ मध्ये बातमी दाबली जात होती. आज इतक्या बातम्या ओतल्या जातात की खरी त्यात बुडून जाते. दोन्ही वेळेला राहून जातो तो सामान्य माणूस.

म्हणून युद्धाचं कुठलंही चित्र समोर आलं, मग ते भिंतीवरचं असो, वर्तमानपत्रातलं असो की मोबाइलवरचं, तर हे पाच प्रश्न विचारा :

१. हे कुणी, कुठे, कधी काढलं? चित्तप्रसाद नाव आणि गाव लिहीत. ज्या चित्राला नाव-गाव नाही, ते पुढे पाठवण्याआधी थांबा.
२. चित्रात कोण आहे आणि कोण नाही? विमान दिसतंय, पण ज्याच्यावर बाँब पडला तो दिसतोय का?
३. बातमीने काय गाळलं, जे या चित्राने दाखवलं? किंवा उलट?
४. हे चित्र कुणाच्या बाजूचं आहे? टीका करणारं चित्रही बाजू घेतं. आपल्याला पटणाऱ्या बाजूचं असलं तरी हा प्रश्न चुकवायचा नाही.
५. दुःख दाखवताना त्या माणसाचा मान राखला आहे का? की त्याचा नुसता तमाशा केला आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. वर्गात यावर वाद झाला तर होऊ द्या. किम फुकचं चित्र वापरणं योग्य की अयोग्य, यावर मोठ्या माणसांचंही एकमत नाही.

उपक्रम

घरी लिनो मिळणार नाही. हरकत नाही. जुन्या रबरी चपलेचा सपाट तुकडा किंवा मोठा खोडरबर घ्या. त्यावर पोस्टकार्डाच्या आकाराचं किंवा त्याहून लहान साधं चित्र काढा आणि कोरा. कोरताना पातं नेहमी अंगापासून दूर ढकला आणि दुसरा हात पात्यापुढे ठेवू नका. लहान मुलांनी मोठ्यांना सोबत घ्यावं. शाई नसेल तर पोस्टर कलर स्पंजने लावा. एका ठशाच्या निदान दहा प्रती काढा आणि त्या वाटा. दहा हातांत गेल्याशिवाय ते छापचित्र पूर्ण होत नाही.

विषय : आपल्या गावातली अशी एखादी गोष्ट, जी बातमीत कधी येत नाही. वीटभट्टीवर स्थलांतर करणारं कुटुंब, उन्हाळ्यात वाडीवर पाण्यासाठी होणारी पायपीट, पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन जाणाऱ्या मावशी. चित्राखाली गाव आणि तारीख लिहा. नाव लिहायचं असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारा.

एक ताकीद : स्टेशनच्या किंवा कुणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय काही लावू वा रंगवू नका. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. शाळेची भिंत मुख्याध्यापकांना विचारून मिळू शकते.

स्वाध्याय

१. रंगवलेलं चित्र आणि छापचित्र यांतले तीन फरक लिहा.
२. बंगालच्या दुष्काळाची युद्धाशी संबंधित कारणं कोणती?
३. ‘शब्दावर पहारा होता तिथून चित्र निसटलं.’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
४. भाई कोतवाल आणि चित्तप्रसाद यांच्या मार्गांत काय फरक होता? दोघांना जोडणारं काही सापडतं का?
५. गेल्या आठवड्यात मोबाइलवर आलेलं युद्धाचं एक चित्र घ्या आणि वरचे पाच प्रश्न लावून १० ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून आणा. पुढच्या तासाला ती चित्रं फळ्यावर लावून आपण एकत्र वाचू. आणि तोपर्यंत, ज्याचं नाव-गाव कळत नाही असं एकही चित्र पुढे पाठवायचं नाही, एवढा नियम आपण सगळेच पाळून बघू.